पोटातलं इंजेक्शन आणि निळा डाग: रक्त ‘पातळ’ होतं म्हणजे नक्की काय होतं?

माझं मेडिकल आहे, त्यामुळे लोक काउंटरवर मोबाइल आडवा धरून मला काय काय दाखवतात ते विचारू नका. गेल्या आठवड्यात एक चाळिशीचा मुलगा आला. आईचा गुडघा बदलून आठ दिवस झाले होते, रक्तात गुठळी होऊ नये म्हणून पोटात एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन चालू होतं. फोटोत बेंबीच्या डावीकडे रुपयाएवढा काळानिळा डाग, त्याच्या शेजारी जरा जुना हिरवट, उजवीकडे पिवळा पडत चाललेला आणखी एक. “ताई, आईला आतून रक्तस्राव होतोय का? इंजेक्शन बंद करू?”

मी विचारलं, शौचाचा रंग कसा आहे? डोकं दुखतं का? ऑपरेशननंतर प्लेटलेट पुन्हा तपासल्या का? यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. डागांचे फोटो मात्र रोजचे होते, तारखेवार.

या इंजेक्शनाची गोम हीच आहे. जे डोळ्यांना दिसतं ते बहुतेक वेळा किरकोळ असतं आणि ज्याच्याकडे लक्ष हवं ते दिसत नाही. पूर्वी हे औषध हॉस्पिटलातच दिलं जायचं. कोविडच्या दोन वर्षांत ‘डी-डायमर’ (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) हा शब्द घराघरांत पोचला आणि त्याच्यासोबत ही पोटात टोचायची छोटी भरलेली सिरिंजही. आता सांधे बदलल्यावर, गरोदरपणात, कॅन्सरमध्ये, पायातल्या गुठळीवर लोक ती घरी घेतात. टोचायला मुलगा, सून नाहीतर शेजारची नर्स. म्हणजे दुष्परिणाम ओळखायचं कामही आता घरच्यांवर येऊन पडलंय.

रक्त पातळ होतच नाही

‘रक्त पातळ करणारं औषध’ हा शब्दच फसवा आहे. माणसं म्हणतात, आईचं रक्त आधीच पातळ आहे, अंगात रक्त नाही, त्यात हे कशाला? अंगात रक्त कमी असणं म्हणजे हिमोग्लोबिन कमी असणं. त्याचा या औषधाच्या कामाशी संबंध नाही.

दुधाला विरजण लावलं की दही लागतं. दुधात पाणी घातलं तर दूध पातळ होईल, पण विरजण असेल तर पाणचट का होईना, दही लागेलच. हे औषध पाणी घालत नाही, ते विरजणाचा हात धरतं. रक्तात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचं विरजण त्याचे धागे करतं, धाग्यांचं जाळं होतं, जाळ्यात रक्तपेशी अडकतात आणि गुठळी तयार होते. बोट कापल्यावर हे व्हायलाच हवं. ऑपरेशननंतर अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाच्या पोटरीच्या शिरेत मात्र हे नको असतं, कारण तिथली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस दगावू शकतो.

आणखी एक, लागलेलं दही हे औषध परत दूध करत नाही. आधीची गुठळी ते वितळवत नाही, फक्त ती वाढू देत नाही. वितळवायचं काम शरीर आपल्या गतीने करतं.

झोपलेल्या वॉचमनला उठवणारं औषध

औषधाचं मूळ नाव हेपॅरिन. ‘हेपार’ म्हणजे ग्रीकमध्ये यकृत. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी रक्त गोठवणारा पदार्थ शोधत होता आणि त्याच्या हाती लागला गोठणं थांबवणारा! त्याचे गुरू विल्यम हॉवेल यांनी पुढे कुत्र्याच्या यकृतातून मिळवलेल्या अशाच पदार्थाला हे नाव दिलं.

हेपॅरिन स्वतः फारसं काही करत नाही. आपल्या रक्तात अँटीथ्रॉम्बिन नावाचा एक वॉचमन असतो. थ्रॉम्बिनसारख्या गोठवणाऱ्या घटकांना धरायचं काम त्याचं, पण एरवी तो सोसायटीच्या वॉचमनसारखाच, खुर्चीत पेंगत बसलेला. हेपॅरिन त्याला चिकटलं की त्याचा वेग हजार पटीपर्यंत वाढतो.

साधं हेपॅरिन म्हणजे लांब साखळीचा रेणू. ते शिरेतून देतात, तासा-दीड तासात निम्मं ओसरतं, आणि कुणाला किती चढेल याचा भरवसा नसल्याने सारखी रक्ततपासणी लागते. हीच साखळी रासायनिक पद्धतीने तोडून साधारण एक तृतीयांश लांबीची केली, की होतं एनॉक्सापॅरिन. तीच ही पोटातली सिरिंज. तिचा असर जास्त टिकतो, त्यामुळे दिवसातून एकदा किंवा दोनदा पुरते आणि बहुतेकांना रोजची तपासणी लागत नाही. “मग आयएनआर करून आणू का?” हा मला रोज विचारला जाणारा प्रश्न. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, वॉरफरिन, अ‍ॅसिट्रोम अशा गोळ्यांसाठी असतो, या इंजेक्शनाचा अंदाज त्यातून येत नाही.

निळा डाग दिसतो मोठा, असतो छोटा

सुई चरबीत शिरते तेव्हा बारीक केशवाहिन्या तुटतात. एरवी त्या लगेच बंद होतात, इथे औषधच गोठू देत नसल्याने थोडं रक्त कातडीखाली पाझरतं. निळा, मग हिरवा, मग पिवळा, आणि दोनेक आठवड्यांत नाहीसा. मुका मार बसल्यावर होतो तसाच प्रकार.

डाग कमी पडावेत असं वाटत असेल तर हाताची पद्धत बघा. बेंबीपासून चार बोटं तरी लांब, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. रुग्णाने बसलेलं किंवा पाठीवर आडवं झालेलं बरं. कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची, औषध सावकाश सोडायचं आणि सुई बाहेर येईपर्यंत चिमूट सोडायची नाही. पूर्ण सिरिंज द्यायची असेल तर आतला हवेचा बुडबुडा काढायच्या भानगडीत पडू नका. तो शेवटचा थेंब आत ढकलतो. सिनेमात डॉक्टर पिचकारी उडवतात ते बघून लोक इथेही तसंच करतात आणि औषध वाया घालवतात.

आणि चोळायचं नाही. आपल्याकडे लहानपणापासून इंजेक्शन म्हणजे कापसाने खसाखसा चोळणं! इथे चोळलं की डाग दुप्पट झालाच म्हणून समजा. मुक्या मारावर लावायच्या एका लोकप्रिय मलमात तर हेपॅरिनच असतं. लोक हेपॅरिनच्या डागावर हेपॅरिन लावून ‘उतरतच नाही हो’ म्हणत येतात.

हा डाग कधी मनावर घ्यायचा? तळहातापेक्षा मोठा होत चालला, खाली कडक दुखरा गोळा आला, कातडी काळी पडून सोलायला लागली, किंवा न टोचलेल्या जागी, हातापायांवर, हिरड्यांत रक्त दिसायला लागलं तर. म्हाताऱ्या माणसाला जोराचा खोकला येऊन पोटाच्या एकाच बाजूला अचानक दुखणारी सूज आली, तर ती पोटाच्या स्नायूत रक्त साठल्याची खूण असू शकते. अशा वेळी फोटो पाठवून उत्तराची वाट बघत बसू नका, पेशंटला दवाखान्यात न्या.

खरा रक्तस्राव कुठे शोधायचा

या औषधाचा मुख्य धोका रक्तस्राव हाच. तो बहुतेकदा आत होतो, म्हणून त्याची खूण बाहेर शोधायची. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, घाण वास येणारं होणं म्हणजे वरच्या आतड्यातून किंवा जठरातून रक्त जातंय. इथे एक गफलत होते. ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना लोहाच्या गोळ्या चालू असतात आणि त्यांनीही शौच काळपट होतं. लोहाचं काळं सहसा घट्ट, हिरवट झाक असलेलं असतं. रक्ताचं चकचकीत आणि चिकट. कळत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, लाजू नका.

लघवी लाल होणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, बोलणं अडखळणं, पडल्यावर डोक्याला मार लागणं (वरून काही दिसत नसलं तरी), एकाएकी घाम फुटून चक्कर येणं, या सगळ्याला ‘सकाळपर्यंत बघू’ चालत नाही.

धोका कुणाला जास्त? पहिला नंबर किडनीवाल्यांचा. एनॉक्सापॅरिन किडनीतून बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर कालचा डोस अंगात शिल्लक असतानाच आजचा जाऊन पडतो. म्हणून किडनीची रक्त गाळायची क्षमता ३० मिलिलिटर प्रति मिनिटाच्या खाली गेली की डोस कमी करतात किंवा साधं हेपॅरिन वापरतात. वय झालेली, वजनाने बारीक माणसं याच रांगेत. त्यांचं क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) कागदावर बरं दिसतं, कारण अंगात स्नायूच कमी असतात.

दुसरा नंबर वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू असते, वर शेजाऱ्याने सुचवलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन सुरू होते. या गोळ्या जठराचं अस्तर दुखावतात आणि प्लेटलेटचं कामही मंद करतात. मी दुकानात विचारते, कुणासाठी आहे, आणखी काय चालू आहे? लोकांना ती चौकशी वाटते.

डोस जास्त गेलाच तर उतारा आहे, प्रोटामिन नावाचा. हे प्रथिन मुळात साल्मन माशाच्या वीर्यातून मिळालं. साध्या हेपॅरिनला ते पुरतं थोपवतं, एनॉक्सापॅरिनला मात्र अर्धवट, साधारण साठ टक्के. म्हणून चुकलेला डोस भरून काढायला एकदम दोन टोचणं हा प्रयोग घरी करू नये.

कमरेत दिलेली भूल आणि तासांचा हिशोब

आपल्याकडे गुडघ्याची ऑपरेशनं बहुतेक कमरेत भूल देऊन होतात. मणक्यात सुई किंवा बारीक नळी घालतात तेव्हा हे औषध अंगात जोरात असेल, तर कण्याच्या पोकळीत रक्त साठून मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. हे फार क्वचित होतं, पण झालं तर कायमचं अपंगत्व येऊ शकतं, म्हणून औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा चौकटीत छापलेला असतो. प्रतिबंधक डोस आणि मणक्यातली सुई यांत निदान १२ तास, उपचाराच्या मोठ्या डोसनंतर २४ तास, असा हिशोब भूलतज्ज्ञ ठेवतात. त्यांना तो ठेवता यावा म्हणून शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. गरोदर बायकांनी तर वहीतच लिहावं, कळा काही वेळ सांगून येत नाहीत. भूल उतरल्यावर पाय पुन्हा बधिर किंवा जड होऊ लागले, पाठीत कळ आली, लघवीवरचा ताबा गेला, तर हातात मोजकेच तास असतात.

प्लेटलेट कमी झाल्या, तरी गुठळ्या?

आता सगळ्यात विचित्र प्रकार. गुठळी थांबवणाऱ्या औषधानेच गुठळ्या होतात!

प्लेटलेटमधून पीएफ-४ नावाचं प्रथिन सुटतं. हेपॅरिन त्याला चिकटलं की काही जणांचं शरीर त्या जोडगोळीला परकं समजतं आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. ही प्रतिपिंडं प्लेटलेटनाच चिथावतात. चिथावलेल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळ्या करतात आणि त्यात खर्ची पडून रक्तातली त्यांची संख्या घसरते. म्हणजे रिपोर्टात प्लेटलेट कमी, पण धोका रक्तस्रावाचा नव्हे, गुठळीचा.

डेंग्यूने आपल्याला एक सवय लावली आहे. प्लेटलेट लाखाच्या वर म्हणजे निश्चिंत. इथे ती सवय घात करते. समजा ऑपरेशनआधी प्लेटलेट ३,४०,००० होत्या आणि आठव्या दिवशी १,५०,००० आल्या. रिपोर्टवर लाल खूण नाही, घरचे खूश. पण आकडा निम्म्याहून खाली आलाय, आणि इथे नेमकं तेच बघायचं असतं. ऑपरेशननंतर पहिले तीन-चार दिवस प्लेटलेट थोड्या घसरतात, मग आपोआप चढतात. चढायच्या दिवसांत, साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान, त्या घसरत असतील तर शंका घ्यायची. आणि हे दिवस येईपर्यंत माणूस डिस्चार्ज घेऊन घरी आलेला असतो. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवा, त्याच्याशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही.

साध्या हेपॅरिनवर, विशेषतः मोठ्या ऑपरेशननंतर, हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. एनॉक्सापॅरिनवर शंभरात एकापेक्षाही कमी. पण झालं तर औषध बदलावं लागतं, आणि हेपॅरिन असलेलं सगळंच थांबवावं लागतं. सलाईनची नळी धुवायला वापरतात ते आणि मघाचं मलमसुद्धा. डेंग्यूसारख्या प्लेटलेटच्या पिशव्याही इथे सहसा चढवत नाहीत.

ज्यांना गेल्या तीन महिन्यांत अँजिओप्लास्टी, बायपास किंवा डायलिसिसच्या वेळी हेपॅरिन मिळालंय, त्यांच्या अंगात ही प्रतिपिंडं आधीच तयार असू शकतात. त्यांना पाच दिवस लागत नाहीत, पहिल्या दिवशीच प्लेटलेट कोसळू शकतात. ‘हृदयाचं झालंय दोन महिन्यांपूर्वी’ हे हाडांच्या डॉक्टरांना सांगायचं ते यासाठीही.

मग कोव्हिशील्डचं काय?

२०२४ मध्ये लंडनच्या कोर्टातल्या कागदपत्रांवरून पुण्यात बनलेल्या या लशीने क्वचित गुठळ्या होतात अशा बातम्या पुन्हा झळकल्या आणि दुकानात रांग लागली, ‘रक्त पातळ करायचं काही द्या’ म्हणून. त्या लशीनंतर फार थोड्या लोकांना झालेला आजार वरच्या आजाराचा चुलतभाऊ. प्रतिपिंडं त्याच पीएफ-४ विरुद्ध, फक्त हेपॅरिन न घेता झालेली. त्याचा काळ लशीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांचा होता. तीन वर्षांनी भीतीपोटी रक्त गोठू न देणारं औषध घेणं म्हणजे नसलेल्या आजारावर खरा धोका विकत घेणं. मी दिलं नाही. दोघं-तिघं समोरच्या दुकानात गेले.

शहाळं, हाडं आणि लिव्हरचे आकडे

हेपॅरिन शरीरातल्या आल्डोस्टेरॉन नावाच्या हार्मोनची निर्मिती कमी करतं, त्यामुळे रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. धडधाकट माणसाला ते कळतही नाही. मधुमेही, किडनीवाले आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जपावं. आपल्याकडे पेशंट म्हटलं की भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो आणि शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. अशा पेशंटला रोज दोन-तीन शहाळी पाजण्याआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

कित्येक महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होऊ शकतात. साध्या हेपॅरिनवर हे जास्त, एनॉक्सापॅरिनवर कमी. दहा-पंधरा दिवसांच्या कोर्सला ही काळजी नाही. एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरच्या तपासणीतले आकडे वाढतात ते बहुधा औषध थांबल्यावर आपसूक उतरतात.

एवढं सगळं असताना गोळीच का नाही देत?

देतात की. गुडघा किंवा खुबा बदलल्यावर रिव्हारोक्साबान, अपिक्साबान अशा गोळ्या आता सर्रास चालतात. रक्तस्राव त्यांनीही होऊ शकतो, त्यामुळे ‘गोळी म्हणजे सौम्य’ असं काही नाही. इंजेक्शन आपली जागा राखून आहे ते दुसऱ्या कारणांनी. उलट्या होत असल्या तरी ते पोचतं. वॉरफरिनपेक्षा असर लवकर ओसरत असल्याने ऑपरेशन ठरलेलं असेल तर सोयीचं पडतं. आणि गरोदरपणात तर त्याला तोड नाही, कारण हेपॅरिनचा रेणू वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जात नाही. वॉरफरिन जातं आणि बाळाला अपाय करू शकतं. ज्या बाईचा गुठळ्यांमुळे गर्भ टिकत नव्हता, ती नऊ महिने रोज स्वतःच्या पोटात टोचून घेते. पोट वाढलेलं, त्यावर निळ्या डागांची रांगोळी. अशा बायका माझ्याकडे येतात. डागांबद्दल त्या कधीच विचारत नाहीत.

डुकराचं असतं म्हणतात, खरं का?

खरं आहे. आजचं हेपॅरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात आणि एनॉक्सापॅरिन त्यापासूनच बनतं. गळ्यात माळ असलेल्या एका आजोबांनी मला हे थेट विचारलं, तेव्हा नातू मागून नको-नको अशा खुणा करत होता. मी सांगून टाकलं. अंगात काय जातंय ते कळण्याचा हक्क ज्याच्या अंगात जातंय त्याचा. फोंडापॅरिनक्स नावाचं पूर्णपणे प्रयोगशाळेत बनलेलं इंजेक्शन आहे, पण खराब किडनीला ते चालत नाही आणि त्यावर नेमका उतारा नाही. आजोबांनी डॉक्टरांशी बोलून शेवटी गोळी घेतली.

या मुळाचा एक धडा जगाला महागात पडला आहे. २००८ मध्ये चीनमधून आलेल्या कच्च्या हेपॅरिनमध्ये दिसायला तसाच, पण स्वस्त पदार्थ मिसळलेला निघाला. तेव्हाच्या तपासण्यांत तो सापडत नव्हता. अमेरिकेत रुग्णांचं ब्लडप्रेशर एकदम कोसळलं, मृत्यू झाले, आणि मग शुद्धतेच्या चाचण्या बदलल्या.

उरलेल्या सिरिंज

कोर्स संपला की दोन-तीन सिरिंज उरतात. स्वस्त नसतात, त्यामुळे टाकवत नाहीत. परवा एक बाई ‘परत घ्या’ म्हणून आल्या. मी म्हटलं, परत घेता येत नाहीत.

“मग राहू दे. फ्रीजरमध्ये ठेवते. पुढच्या महिन्यात आमच्या जाऊबाईंचा गुडघा आहे.”

“फ्रीजरमध्ये नको, गोठलं की वाया. जाऊबाईंचं वजन किती आहे?”

“असेल चाळीसएक किलो. शुगर आहे ना, उतरलंय सगळं. किडनीचंही जरा आहेच.”

मी दोन्ही सिरिंज मागून घेतल्या आणि सुयांच्या डब्यात टाकल्या. बाई अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.